मालकाचे कुलूप आणि भाडेकरूचा ताबा

भाडे थकले, करार संपला किंवा घर विकायचे ठरले म्हणून घरमालकाने भाडेकरूच्या दाराला परस्पर कुलूप लावले, तर त्या कुलुपाने भाडेकरूची वाट अडते, परंतु त्याचा हक्क संपत नाही, हे तत्त्व भारतीय न्यायालयांनी गेली शंभर वर्षे सातत्याने जपले आहे. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानातील खटल्यांचे अखेरचे अपील ज्या न्यायमंडळापुढे चाले, त्या प्रिव्ही कौन्सिलने १९२४ मध्ये मिदनापूर जमीनदारी कंपनीच्या प्रकरणात असे स्पष्ट केले की या देशात कोणालाही बळजबरीने ताबा घेता येत नाही आणि ज्याला ताबा हवा असेल त्याने तो न्यायालयामार्फतच मिळवला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये लल्लू यशवंत सिंग विरुद्ध राव जगदीश सिंग या निकालात हे मत उचलून धरले, आणि १९८९ मध्ये कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा व्यंकट राव या निकालात आणखी पुढे जाऊन असे सांगितले की जागेवर स्थिरपणे ताबा असलेल्या माणसाचा तेथे राहण्याचा हक्क संपलेला आहे असे गृहीत धरले, तरीही मालकाला कायद्याचा मार्ग सोडून त्याला बाहेर काढता येणार नाही.

कायद्याची भूमिका इतकी स्पष्ट असूनही कुलूप लागलेल्या माणसाला ती अनेकदा उपयोगी पडत नाही, कारण तिचा लाभ घेण्यासाठी दोन गोष्टी हाताशी असाव्या लागतात : आपण त्या घरात राहत होतो हे दाखवणारा कागद आणि वेळेवर केलेली हालचाल. जळगाव आणि धुळे या शहरांत नेमक्या याच दोन गोष्टींची उणीव भासते. विद्यापीठ आणि महाविद्यालयांमुळे तालुक्यांतून आलेले विद्यार्थी, औद्योगिक वसाहतीतील कामगार, धुळ्यातील यंत्रमागांवर राबणारी कुटुंबे, बदलीवर आलेले शिक्षक आणि कर्मचारी अशा अनेकांचा संसार भाड्याच्या खोल्यांत चालतो, आणि खाली मालक व वर भाडेकरू अशा घरांत व्यवहार बहुधा तोंडी ठरतो, भाडे रोख दिले जाते आणि पावती मागणे हे अविश्वासाचे लक्षण मानले जाते. संबंध गोडीचे असेपर्यंत यात काही बिघडत नाही, परंतु वाद उभा राहिला की त्या घरात वर्षानुवर्षे राहिलेल्या कुटुंबाजवळ तसे सिद्ध करणारे काहीच नसते.

कोणता कायदा लागू होतो

खानदेश पूर्वी मुंबई इलाख्यात होता आणि १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले, ज्यांना पुढे जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली. यामुळे येथील घरभाड्यांचे नियमन १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने होत आले, तर विदर्भात आणि मराठवाड्यात वेगळे कायदे होते. हे तिन्ही कायदे रद्द करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला, परंतु तो राज्यांसाठी नमुना होता आणि आपोआप लागू होणारा नव्हता.

१९९९ च्या कायद्याच्या कलम १५ नुसार भाडेकरू भाडे आणि कायद्याने मान्य असलेले वाढीव आकार देत असेल व भाड्याच्या अटी पाळत असेल, तोपर्यंत मालकाला ताबा परत मागण्याचा हक्क नसतो. कलम १६ मध्ये ताबा मागण्याची कारणे दिलेली आहेत, जसे की मालकाला स्वतःच्या वापरासाठी जागेची खरीखुरी गरज असणे, भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे किंवा योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने जागा न वापरणे. ही कारणे न्यायालयापुढे मांडून सिद्ध करावी लागतात; त्यानंतर हुकूमनामा होतो आणि न्यायालयाचा बेलीफ ताबा वॉरंट घेऊन येतो, तेव्हाच घर कायदेशीरपणे रिकामे होते. म्हणून पीक काढणीसाठी चार महिने गावी गेलेल्या कुटुंबाच्या किंवा दिवाळीच्या सुटीत घरी गेलेल्या विद्यार्थ्याच्या खोलीला ‘जागा सोडून गेले’ असे म्हणून कुलूप लावण्याचा अधिकार कोणत्याही मालकाला नाही.

भाडे खरोखरच थकलेले असले तरी कुलूप हा वसुलीचा मार्ग ठरत नाही. थकबाकीच्या कारणावरून दावा लावण्यापूर्वी मालकाने लेखी मागणीची नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते, आणि दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकीत रक्कम, तिच्यावर १५ टक्के दराने सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला व पुढील भाडे नियमित देत राहिला, तर त्या कारणावर त्याला बाहेर काढता येत नाही. ज्याच्यासाठी कायद्याने इतकी सवलत राखून ठेवली आहे, त्याचे सामान एका रात्रीत कोंडून ठेवणे हे त्या कायद्यालाच डावलणे होय.

भाडेकरू आणि परवानाधारक यांतील फरक

आज शहरांत होणारे बहुतेक करार ‘लिव्ह अँड लायसन्स’ या प्रकारचे असतात. भाडेपट्ट्यात जागेवर भाडेकरूचा हितसंबंध निर्माण होतो, तर लायसन्समध्ये, म्हणजे परवान्यात, ठरावीक काळ जागा वापरण्याची केवळ परवानगी मिळते. तेथे राहणाऱ्याला परवानाधारक म्हणतात आणि कलम १५ व १६ चे संरक्षण त्याला मिळत नाही. मुदत संपल्यावर त्याने जागा सोडली पाहिजे, आणि न सोडल्यास कलम २४ खाली मालकाला शासनाने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा व मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. प्राधिकाऱ्याचे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत परवानाधारकाने शपथपत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य झाल्याचे धरले जाते, त्यामुळे असे समन्स बाजूला ठेवून देणे फार महागात पडते.

मालकासाठी ही जलद वाट खुली असल्यामुळेच परवानाधारकाच्या दाराला कुलूप लावण्याचे समर्थन आणखी दुबळे होते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार परवाना रद्द झाल्यावरही जागा सोडण्यासाठी आणि सामान हलवण्यासाठी वाजवी वेळ मिळण्याचा हक्क परवानाधारकाला असतो, आणि मोबदला देऊन घेतलेल्या परवान्याच्या मुदतीआधीच त्याची काही चूक नसताना त्याला बाहेर काढले, तर तो भरपाई मागू शकतो. जेवणासह किंवा खाटेच्या हिशेबाने राहणारे पेइंग गेस्ट आणि वसतिगृहातील विद्यार्थी यांची स्थिती याहून नाजूक असते, तरी त्यांचे सामान, प्रमाणपत्रे आणि अनामत रक्कम अडकवून ठेवण्याचा अधिकार त्यांच्या बाबतीतही कोणाला मिळत नाही.

पहिल्या दिवशी काय करावे

दाराला दुसऱ्याचे कुलूप दिसल्यावर ते तोडण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, परंतु तसे केल्यास मालक घरफोडीची किंवा नुकसानीची उलट तक्रार देतो आणि जो माणूस अन्यायग्रस्त म्हणून उभा राहायला हवा तोच आरोपी ठरण्याची वेळ येते. त्याऐवजी कुलूप, दार, पाटी आणि परिसर यांची छायाचित्रे व चित्रफीत त्याच वेळी काढावी, आत राहिलेल्या वस्तूंची यादी आठवून लिहावी आणि कुलूप लावताना पाहणाऱ्या शेजाऱ्यांची नावे टिपून ठेवावीत. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली मोबाइलमधील नोंदी पुराव्यात देताना विहित प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून मूळ फाइल आणि ज्यावर चित्रण झाले तो मोबाइल सांभाळून ठेवणे आवश्यक असते.

त्यानंतर मालकाला शांत भाषेत लेखी संदेश पाठवून कुलूप काढण्याची मागणी करावी. संदेशात राहण्यास सुरुवात केव्हा झाली, भाडे किती आहे, शेवटचे भाडे केव्हा दिले आणि कुलूप केव्हा दिसले हे चार तपशील यावेत. ‘तुम्ही आठ दिवसांत पैसे दिले नाहीत म्हणून कुलूप लावले’ असे उत्तर मालकाने दिले, तर ते उत्तरच पुढे त्याच्या कृत्याचा पुरावा ठरते. घरात औषधे, लहान मूल, आजारी व्यक्ती किंवा पाळीव जनावर अडकले असेल तर मात्र वेळ न घालवता ११२ या क्रमांकावर मदत मागावी.

राहण्याच्या पुराव्यात नोंदणीकृत करार सर्वांत बळकट असतो, परंतु तो नसला म्हणून निराश होण्याचे कारण नाही. बँकेतून किंवा यूपीआयने दिलेल्या भाड्याच्या नोंदी, त्या पत्त्यावरचे आधार कार्ड, गॅसजोडणी, मुलांच्या शाळेचा दाखला, महावितरणच्या वीजबिलाच्या भरणा-पावत्या, टपाल, पोलिसांकडे दिलेली भाडेकरूची माहिती आणि शेजाऱ्यांची शपथपत्रे यांवरूनही ताबा सिद्ध करता येतो.

पोलीस ठाण्यात गेल्यावर

‘हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा’ हे उत्तर पोलीस ठाण्यात वारंवार मिळते आणि त्यात अर्धे सत्य असते, कारण जागा कोणाची आणि भाडे किती हे पोलीस ठरवू शकत नाहीत. परंतु कुलूप लावताना घडलेली कृत्ये गुन्ह्याच्या व्याख्येत बसत असतील तर त्यांची दखल घेणे हे पोलिसांचे काम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत एखाद्याला जाण्याचा हक्क असलेल्या दिशेने जाण्यापासून अडवणे हा कलम १२६ खाली गैरनिरोध, दुसऱ्याच्या ताब्यातील घरात गुन्ह्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने शिरणे हे कलम ३२९ खाली गृह-अतिक्रमण, आणि धमकावणे हे कलम ३५१ खाली फौजदारीपात्र धाकदपटशा ठरते. सामान नेले असेल तर चोरीची आणि मोडतोड केली असेल तर आगळिकीची कलमेही लागू शकतात.

तक्रार ‘मालकाने घर बळकावले’ अशी मोघम न देता कोण, केव्हा, कोणासोबत आले, त्यांनी काय केले आणि काय नेले अशा क्रमाने लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवण्यास ठाण्यातून नकार मिळाला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. जळगाव व धुळे येथे पोलीस आयुक्तालय नसून जिल्हा पोलीस अधीक्षक असल्याने हा अर्ज त्यांच्याच कार्यालयात द्यायचा असतो.

याच संहितेच्या कलम १६४ मध्ये आणखी एक उपाय आहे, ज्याची माहिती फार थोड्यांना असते. जागेच्या ताब्यावरून शांतताभंग होण्याचा संभव असल्याचा पोलिसांचा अहवाल किंवा अन्य माहिती मिळाल्यास कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे येथे तहसीलदार किंवा प्रांत, दोन्ही पक्षांना बोलावून ताबा प्रत्यक्षात कोणाचा होता याची चौकशी करतात. अशी माहिती त्यांच्याकडे येण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत कोणाला बळाने बाहेर काढले असेल, तर त्याला ताब्यात असल्याप्रमाणे मानून घर परत मिळवून देता येते. मालकी किंवा कराराचा खरेखोटेपणा येथे ठरत नाही, आणि दोन महिन्यांची ही मर्यादा लक्षात घेता समेटाच्या बैठकांत वेळ गेला की हा उपाय हातचा जातो.

दिवाणी न्यायालयातील दावा

कुलूप लागलेल्या भाडेकरूसाठी सर्वांत नेमका दिवाणी उपाय १९६३ च्या कायद्यात, वकिलांच्या बोलण्यात ज्याला ‘स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट’ म्हणतात त्याच्या कलम ६ मध्ये आहे. ज्याला त्याच्या संमतीवाचून आणि कायद्याची रीत सोडून स्थावर मालमत्तेतून बाहेर काढले, तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि समोरच्याने मालकी हक्क दाखवला तरी तेवढ्यावर हा दावा फेटाळला जात नाही. न्यायालय येथे केवळ तीन प्रश्न पाहते : दावा करणाऱ्याचा ताबा होता का, तो कायद्याबाहेरच्या मार्गाने काढून घेतला गेला का आणि दावा सहा महिन्यांत आला का. या निकालावर अपील होत नसल्यामुळे वाद लांबण्याची एक मोठी वाट बंद होते, आणि मालकाला ताबा हवा असल्यास त्याला स्वतंत्र दावा लावून तो मिळवण्याची मोकळीक राहते.

सहा महिन्यांची मुदत कुलूप लागल्याच्या दिवसापासून मोजली जाते, मालकाशी बोलणी फिसकटल्याच्या दिवसापासून नव्हे, म्हणून तडजोडीची बोलणी चालू ठेवूनही वकिलाकडून दावा तयार करून घेणे शहाणपणाचे असते. मुंबईत घरभाड्याचे वाद लघुवाद न्यायालयात चालतात, तर जळगाव व धुळ्यात ते दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे जातात. दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज देऊन मालकाने जागा दुसऱ्याला देऊ नये असा हुकूम मागता येतो. नुकतेच कुलूप लागले असेल आणि पुरावा ठळक असेल, तर निकालापूर्वीच पूर्वीची स्थिती परत आणण्याचा हुकूमही न्यायालय देऊ शकते, मात्र असा हुकूम सरसकट मिळत नाही. आतील सामानाबाबत वाद असेल तर कोर्ट कमिशनर नेमून त्याच्यासमक्ष कुलूप उघडून वस्तूंची यादी करण्याची विनंती करावी, म्हणजे दागिने, शाळेचे दाखले किंवा शिवणयंत्र यांच्याबाबत नंतर शब्दाला शब्द वाढत नाही.

कुलूप न लावता पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला निघून जाण्यास भाग पाडणे हा त्याच वृत्तीचा दुसरा प्रकार आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ नुसार पुरेशा कारणाशिवाय पाणी, वीज, जिन्यातील दिवे, स्वच्छता यांसारख्या आवश्यक सेवा तोडण्यास मालकाला मनाई आहे. भाडेकरू त्या पूर्ववत करण्यासाठी न्यायालयात अर्ज करू शकतो आणि असे कृत्य शिक्षापात्रही आहे.

खर्चाच्या भीतीने न्यायालयाची पायरी चढू न धजणाऱ्यांसाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ उपयोगी आहे. त्याखाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना मोफत वकील मिळतो. यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क साधावा. यंत्रमागावर काम करणाऱ्या स्त्रीला तर या यादीतील दोन कारणांनी ही मदत मागता येते.

कुलूप बँकेचे असेल तर

मालकाने घर तारण ठेवून घेतलेले कर्ज थकल्यास बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन तारण मालमत्तेचा ताबा घेऊ शकते आणि त्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांची मदत मिळवू शकते, त्यामुळे दारावर बँकेची नोटीस आणि सील पाहून भाडेकरूला घडलेल्या प्रकाराचा प्रथमच पत्ता लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विशाल कलसारिया विरुद्ध बँक ऑफ इंडिया या निकालात भाडे नियंत्रण कायद्याने संरक्षित भाडेकरूला अशा कारवाईने सरसकट बाहेर काढता येणार नाही असे सांगितले, परंतु त्यासाठी भाडेकरूपण तारणाच्या आधीचे व खरे असल्याचा पुरावा लागतो. या प्रकरणी दिवाणी न्यायालयात न जाता कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो, म्हणून दारावर बँकेचा कागद चिकटलेला दिसताच तो वाचून तारीख टिपणे अत्यावश्यक आहे.

आधीच घ्यायची काळजी

भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम ५५ सांगते की लिव्ह अँड लायसन्स असो वा भाडेपट्टा, प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. अकरा महिन्यांचा करार बाँड पेपरवर लिहून नोटरी केला की पुरे, ही सर्वत्र रूढ असलेली समजूत म्हणूनच चुकीची आहे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात, आणि भाडेकरूच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे असा करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी आता ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क एकूण परवाना शुल्काच्या आणि अनामतीवरील गृहीत व्याजाच्या ०.२५ टक्के इतकेच असते. भाड्याची पावती देणे हेही कलम ३१ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. मालक ती देत नसेल तर भाडे रोख न देता बँकेमार्फत द्यावे आणि सोबत महिन्याचा उल्लेख करावा.

किल्ल्यांचा प्रश्नही करार करतानाच सोडवावा. दुसरी किल्ली मालकाकडे राहणार का, आणि राहिल्यास ती कोणत्या प्रसंगी वापरायची, हे लिहून घेतलेले बरे, कारण जागेची पाहणी करण्याचा मालकाचा हक्क कलम २८ ने मान्य केलेला असला तरी तो आधी सूचना देऊन व वाजवी वेळीच वापरायचा असतो. भाडेकरूचीच किल्ली हरवली असेल तर प्रथम मालकाला कळवून दुसरी किल्ली मागावी. ती नसल्यास चावीवाल्याला बोलावताना ओळखपत्र आणि करार जवळ ठेवावा, मालकाला किंवा शेजाऱ्याला उभे करावे, आणि दाराचे अंगचे कुलूप बदलावे लागल्यास मालकाची लेखी संमती घेऊन बदलावे.

अनेक छोट्या घरमालकांसाठी वरच्या मजल्याचे भाडे हाच म्हातारपणाचा आधार असतो आणि भाडे बुडवणारा भाडेकरू त्यांना खरोखरच संकटात टाकतो, हे नाकारता येणार नाही. परंतु परवान्याचा नोंदणीकृत करार केलेल्या मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याची वाट आहे आणि भाडेपट्टा दिलेल्या मालकाला थकबाकीच्या नोटिशीची व दाव्याची वाट आहे, तर कुलूप लावणारा मालक स्वतःच्या योग्य मागणीवर फौजदारी तक्रारीचे आणि भरपाईच्या दाव्याचे ओझे ओढवून घेतो. कागद करून घेण्यात म्हणूनच दोघांचेही हित आहे. आज जळगाव किंवा धुळ्यात तोंडी व्यवहारावर राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने चालू महिन्याचे भाडे बँकेतून देऊन आणि मालकाकडे नोंदणीकृत कराराची मागणी करून आपल्या ताब्याचा पुरावा उभा करण्यास सुरुवात करावी, कारण कुलूप लागल्यानंतर न्यायालय सर्वप्रथम तोच पुरावा मागते.